पानशेतचा पूर ओसरला, त्यानंतर तुमच्या घरात काय झालं?

पेठेतली :

नमस्कार मंडळी,

१२ जुलै जवळ आला की पानशेतचा विषय निघतोच. पाणी कुठवर चढलं होतं, लकडी पूल कसा दिसेनासा झाला, कोण कुणाच्या खांद्यावर बसून बाहेर पडलं, हे आपण पुणेकर लहानपणापासून ऐकत आलोय. ती सगळी एका दिवसाची हकिगत. माझ्या आईच्या माहेरी मात्र तो पूर पुढे कित्येक वर्षं पुरला आणि त्या वर्षांबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा काढलाय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगते. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण १९६१च्या पावसाळ्यात पुरं झालेलं नव्हतं, तरी त्यात पाणी साठलं. १२ जुलैला, बुधवारी सकाळी ते फुटलं. ते पाणी खडकवासल्याच्या इंग्रजांच्या काळातल्या दगडी धरणात आलं. त्या भिंतीने काही तास दम धरला आणि दुपारी तीही गेली. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांचा नदीकडचा भाग, पुलाची वाडी, डेक्कन, शिवाजीनगर, सगळीकडे पाणी. रात्री ते उतरायला लागलं.

आमचं आजोळ नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. वाड्यात भाड्याच्या दोन खोल्या. आजोबा एका छापखान्यात कंपोझिटर होते. आई तेव्हा तिसरीत. सकाळी गल्लीत ओरडा झाला तेव्हा आजीने चुलीवरचा भात तसाच सोडला, पोरं घेतली आणि पर्वतीची वाट धरली. त्यामुळे माणसं सगळी वाचली. आई म्हणते, आमचं नशीब. पलीकडच्या आळीत तसं झालं नाही.

आजोबा दुसऱ्या दिवशी वाड्यावर गेले. जोत्याचे दगड जागेवर होते, सागवानी खांब आणि तुळया जागेवर होत्या, भिंती नव्हत्या. पेठांतले जुने वाडे पांढऱ्या मातीचे. ती माती काही तास पाण्यात राहिली की विरघळते. खोलीत मांडीपर्यंत गाळ, काळा आणि मेणासारखा गुळगुळीत. गव्हाचा पत्र्याचा डबा सापडला तो कडा उसवलेला, कारण आत गहू फुगले होते. आजीचं शिवणयंत्र सापडलं. त्याच्या चाकात गाळ इतका घट्ट बसला होता की पुढे महिनाभर आजोबा रोज रात्री रॉकेलमध्ये बुडवलेल्या चिंधीने ते थोडं थोडं मोकळं करत होते.

आणि हे सगळं धुवायला पाणी नव्हतं! ही गोष्ट मला मोठेपणी कळली तेव्हा मी थक्क झाले. पुण्याचं पिण्याचं पाणी खडकवासल्याहून येत होतं. धरण फुटलं म्हणजे पूरही आला आणि नळही गेला. नदीकाठच्या वाड्यांतल्या विहिरी गाळाने भरल्या होत्या. वरच्या पेठांतल्या विहिरी आणि पेशव्यांच्या काळापासून कात्रजच्या नळाचं पाणी येणारे हौद, यांच्यावर माणसं अवलंबून होती. आजी हंडा घेऊन शुक्रवार पेठेतून पाणी आणायची आणि त्यातलं आधी पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, मग उरलं तर भांड्यांचं. गाळाच्या वाट्याला पाणी येतच नव्हतं. घमेल्याने उचलायचा आणि रस्त्यावर टाकायचा. कॉलेजची मुलं साखळी करून घमेली पुढे देत होती, आईला ते चांगलं आठवतं.

पण आजोबा आयुष्यभर ज्याबद्दल बोलत राहिले ती गोष्ट गाळाची नाही, भाड्याच्या पावत्यांची. त्यांना शिस्तीची फार आवड. प्रत्येक महिन्याची पावती तारेत ओवून ती तार खुंटीला टांगलेली असायची. पुरानंतर तार मिळाली, तिच्यावर कागदाचा लगदा. आता मदत घ्यायची, पुढे घर मिळवायचं, तर आपण पूर आलेल्या जागेत राहत होतो हे दाखवायला हवं. मालकाकडे सिटी सर्व्हेचा उतारा तरी निघतो. भाडेकरूकडे काय? शिधापत्रिका वाहून गेलेली, शाळेचे दाखले वाहून गेलेले. शेवटी सदाशिव पेठेतला एक किराणा दुकानदार धावून आला. त्याचं दुकान उंचावर, कोरडं राहिलेलं. त्याच्या उधारीच्या वहीत आजोबांचं नाव, वाड्याचा पत्ता आणि काही वर्षांची महिनावार बाकी होती. ती जाडजूड लाल वही काखेत मारून तो गृहस्थ आजोबांबरोबर कचेरीत गेला, तिथे बसून राहिला आणि साहेबाला पान न पान दाखवलं. बाकीचे पैसे त्याने दिवाळीपर्यंत मागितले नाहीत.

छापखान्यातही तीच गत. खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या, सगळ्या केसेस उलटलेल्या. मराठीत अक्षरं, काने, मात्रा, जोडाक्षरं मिळून खिळ्यांची घरं शेकड्यांनी असतात. मालकांनी गाळ पोत्यांत भरून ठेवला, कारण खिळे त्यातच होते. मग कंपोझिटर मंडळी तो गाळ चाळायची, खिळे रॉकेलने धुवायची आणि एकेक खिळा डोळ्यांजवळ धरून आपापल्या घरात टाकायची. काम बंद, म्हणून पगार अर्धा. पुढच्या वर्षी छापून निघालेल्या पत्रिकांतही एखादं अक्षर झिजकं दिसायचं, आजोबा ते बोटाने दाखवायचे.

त्यानंतर नातेवाइकांकडचं ओटीवरचं बिऱ्हाड, मग अर्धगोल पत्र्याची निसेन हट, मग टेकडीच्या पायथ्याशी गोखलेनगरातलं घर. प्रत्येक जागी आईची शाळा लांब पडत गेली.

माझं म्हणणं एवढंच की पुराच्या दिवसाबद्दल विचारलं तर जुनी माणसं तासभर बोलतात. नंतर काय केलंत विचारलं तर म्हणतात, काय करणार, केलं झालं. त्या 'केलं झालं'मध्ये अर्धं पुणं पुन्हा बांधलं गेलं आहे. ही माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरी कुणी असेल तर विचारा आणि इथे लिहा. पानशेतच हवं असं नाही. कुठल्याही आपत्तीतून उठलेल्या घराची हकिगत चालेल.

---

टेकडीवरचा :

ताई, फार छान धागा काढलात. मी गोखलेनगरातच जन्मलो. आमची आजी कसब्यातून आली. गोखलेनगर तेव्हा गावाबाहेर. संध्याकाळनंतर कोल्हे ओरडायचे आणि बायका एकट्या बाहेर पडत नसत. पेठेत राहिलेल्या माणसाला मंडई, दवाखाना, देऊळ सगळं चालत पाच मिनिटांवर. इथे बससाठी उभं राहायचं. आजी नव्या घराला कितीतरी वर्षं 'तिकडचं घर' म्हणायची, म्हणजे ज्यात बसलीय त्यालाच!

पण एक सांगू का, वाड्यात नळ सामाईक, संडास सामाईक, आणि खोलीत दिवसाही दिवा लावावा लागायचा. गोखलेनगरात स्वतंत्र नळ आला, दारात उजेड आला. माझ्या आईला या घराचं फार कौतुक. सासूला गेलेल्या घराचं दुःख आणि सुनेला मिळालेल्या घराचा आनंद, दोन्ही एकाच स्वयंपाकघरात नांदलं. दोघींनी एकमेकींना कधी चुकीचं ठरवलं नाही.

---

धरणवाले काका :

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पानशेतच्या वेळी शाळेत होतो, नोकरीत नव्हतो. खात्यात मात्र वरिष्ठांकडून खूप ऐकलं आणि अहवालही वाचला. मूळ लेखात धरण का फुटलं ते आलेलं नाही, म्हणून भर घालतो.

मातीच्या धरणातून पाणी सोडायला खालून एक बोगद्यासारखा मार्ग असतो, त्याला आम्ही आउटलेट कन्ड्युट म्हणतो. पानशेतला त्या मार्गाला सळ्या घातलेलं काँक्रीट हवं होतं, तिथे सळ्यांविना काँक्रीटचे ठोकळे वापरले गेले. दारांचंही काम अर्धवट होतं. पहिल्याच पावसात तलाव भरला, पाणी जोराने त्या मार्गातून जायला लागलं, तो खचला आणि वरची माती खाली बसत गेली. माथा खचला की पाणी त्यावरून जातं, आणि मातीच्या धरणावरून पाणी गेलं की काही उरत नाही.

११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी भर पावसात हजाराहून जास्त वाळूची पोती रचली. धरण त्यांनी वाचवलं नाही, पण रात्र काढून दिली. हे धरण मध्यरात्री गेलं असतं तर झोपलेल्या पेठा गेल्या असत्या. सकाळी फुटलं म्हणून ताईंच्या आजीला पर्वती गाठता आली. त्या जवानांची आठवण पुण्याने जितकी ठेवायला हवी होती तितकी ठेवली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौकशीला आधी न्यायमूर्ती बावडेकर, नंतर न्यायमूर्ती नाईक यांचा आयोग बसला.

पुनर्वसनाबद्दल बोलायचं तर स. गो. बर्वे यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आधी ते पुण्याचे महापालिका आयुक्त होते, शहर त्यांच्या पायाखालचं. पुरानंतर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने त्यांना पुण्याच्या पुनर्वसनासाठी पाठवलं. पुढच्याच वर्षी नोकरी सोडून ते शिवाजीनगरातून आमदार झाले आणि मंत्रीही झाले. शिवाजीनगरच्या चौकाला त्यांचं नाव आहे, तिथून रोज हजारो लोक जातात.

---

सरळ_बोलतो :

काका, तुम्ही लिहिलंत ते वाचून एक विचारतो. याला नैसर्गिक आपत्ती का म्हणायचं? पाऊस तर दर वर्षी पडतो. घाई माणसाने केली, सळ्या माणसाने घातल्या नाहीत. निसर्गाच्या नावावर खपवलं की कुणाला जबाबदार धरावं लागत नाही.

---

धरणवाले काका :

तुमचा मुद्दा मला मान्य आहे. पाऊस निसर्गाचा, बाकी आपलं. फक्त एक लक्षात घ्या. ज्याच्या घरात गाळ आला त्याला पहिले सहा महिने हा प्रश्न पडायलाही उसंत नसते. जबाबदारी ठरवणं हे ज्यांची घरं कोरडी राहिली त्यांचं काम होतं. ते आपण किती केलं, हा खरा प्रश्न.

---

आंबीखोरं :

पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

पुण्यात पूर आला हे सगळ्यांना माहीत आहे. धरणाच्या वर आणि खाली आमची गावं होती हे कुणाला आठवत नाही. आमची भाताची खाचरं धरणात जाणार होती, म्हणून गाव आधीच उठवलं होतं. माझ्या चुलत्यांची जमीन धरणाच्या खालच्या अंगाला होती. पुराने तिथली माती खरवडून नेली आणि मागे राहिले धोंडे. खाचर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, गाळ अडवून तयार केलेली जमीन. ती एका सकाळीत गेली. शहराकडे वाहून गेलेल्या गाळात आमची शेतं होती, ताई. तुमच्या आजोबांनी खोलीतून जो काढला त्यात.

नंतर धरण पुन्हा बांधलं गेलं आणि आमची घरं दौंडकडे गेली. डोंगरातल्या माणसाला सपाटीवर ऊस करायला सांगितलं. आमची म्हातारी नाचणीच्या भाकरीसाठी हट्ट धरायची आणि तिकडे नाचणी पिकत नव्हती. धरण फुटलं तेव्हाही आमचं गेलं आणि पुन्हा उभं राहिलं तेव्हाही आमचंच गेलं. मी हे रागाने लिहीत नाही. पुणेकर आज जे पाणी पितात त्यात आमचं गाव आहे, तेवढं माहीत असावं.

---

पेठेतली :

आंबीखोरं दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिला हे ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. दौंडकडे गेल्यावर जमिनीचा, पाण्याचा, शाळांचा काय अनुभव आला ते सवडीने सविस्तर लिहा. वाटल्यास वेगळा धागा काढा, आम्ही सगळे वाचू.

---

वाघोलीचा विद्यार्थी :

ताईंनी कुठलीही आपत्ती चालेल म्हटलंय म्हणून लिहायचं धाडस करतोय.

मी लातूर जिल्ह्यातला. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालं होतं. मोठी माणसं उशिरा झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. आमच्याकडे घरं दगड-मातीची, दोन-अडीच फूट जाड भिंती, वर मातीचं जड धाबं. उन्हाळ्यात गार. पण तेच छत अंगावर आलं. वडील आणि धाकटी बहीण गेले. आई वाचली, पण तिच्या हाताला जन्माचं अधूपण आलं.

त्या वर्षी भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली बाराशेच्या आसपास मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली. शांतिलाल मुथ्था यांनी ते काम उभं केलं. मी त्यांतला एक. आधी पिंपरी, मग वाघोली.

लोक विचारतात, पुण्यात आल्यावर कसं वाटलं? मला सगळ्यात जास्त काय आठवतं सांगू? झोप. आम्ही मुलं सिमेंटच्या छताखाली झोपायला तयार नव्हतो. अंथरुणं ओढून मैदानात न्यायचो. तिथल्या गुरुजनांनी आम्हाला रागावून आत नेलं नाही. तेही सतरंज्या घेऊन आमच्या शेजारी बाहेर झोपायला लागले. थंडी पडली तशी एकेक मुलगा आपण होऊन आत गेला. मी शेवटच्या काहींपैकी.

दुसरी गोष्ट म्हणजे, आमच्यात कुणी कुणाला 'तुझं कोण गेलं' असं विचारत नसे. सगळ्यांचं कुणी ना कुणी गेलेलं. सुट्टीत गावी गेलो की मात्र नवं गाव ओळखू येत नसे. जुनं गाव गल्ल्या-बोळांचं, एकमेकांना टेकलेलं. नवं गाव आखीव, रुंद रस्ते, घराभोवती मोकळी जागा. अभियंत्याच्या दृष्टीने ते चांगलंच, भिंत पडली तर शेजाऱ्यावर पडू नये. पण माझी आई म्हणायची, मीठ मागायला जायचं तर आता चप्पल घालावी लागते.

आज मी पुण्यातच नोकरी करतो. माझ्या मुलीला हे सगळं अजून सांगितलेलं नाही. ताईंचा धागा वाचून वाटलं की सांगायची वेळ झाली.

---

टेकडीवरचा :

मित्रा, वाचून डोळे भरले. मुलीला जरूर सांग.

---

शनिवारातली सून :

माझ्या सासूबाईंची एक आठवण. पूर ओसरल्यावरही पुढचे काही दिवस गावात 'पाणी आलं, पाणी आलं' अशा आवया उठायच्या. एकाने पळायला सुरुवात केली की अख्खी आळी पळत सुटायची, हातातलं टाकून. एकदा सासूबाई अर्धी वेणी घातलेली तशाच बाजीराव रस्त्यावर पोचल्या. नंतर कित्येक वर्षं जुलैच्या पावसात त्या रात्री उठून खिडकीतून खाली बघायच्या. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, तरी. कागदपत्रं एका पत्र्याच्या पेटीत आणि ती पेटी माळ्यावर, हा नियम घरात अजून पाळला जातो.

दुसरं म्हणजे कॉलऱ्याची टोचणी. दंड सुजलेला, ताप आलेला, आणि त्या अवस्थेत गाळ उपसायचा. यावर त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की सगळ्यांचाच दंड दुखत होता, मग कुरकुर कुणाजवळ करणार?

---

सिंहगड रोडवरून :

आमच्याकडची गोष्ट ताजी आहे. २५ जुलै २०२४, एकता नगरी. पहाटे जाग आली ती पार्किंगमधल्या गाड्यांच्या हॉर्नने. पाण्याने गाड्यांच्या वायरिंगमध्ये काहीतरी होऊन हॉर्न आपोआप वाजत होते. खाली पाहिलं तर गाड्यांची छपरं दिसत होती. खडकवासला धरणातून ३५,००० क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला होता. आमच्यापर्यंत आगाऊ सूचना आली नाही, एवढंच म्हणते. पुढे लष्कराची मदत आली. त्याच दिवशी पुलाची वाडी भागात विजेच्या धक्क्याने तीन तरुण गेले. ऑगस्टच्या सुरुवातीला आम्हाला पुन्हा घर सोडावं लागलं.

पेठेतली ताईंच्या आजोबांची तार वाचून मला माझी फाइल आठवली. विम्याच्या दाव्यासाठी कागद मागतात आणि कागद तळमजल्यावरच्या कपाटात. गाडीचे पेपर मोबाइलमध्ये होते, घराचे नव्हते. तळमजल्यावरच्या आजोबांची औषधं, चष्मा, कानातलं यंत्र सगळं गेलं. फर्निचरचा पंचनामा झाला. कानातल्या यंत्राशिवाय तो माणूस दोन महिने कुणाशीच धड बोलू शकला नाही, त्याचा कसा करणार? सोसायटीतल्या मुलांनी वर्गणी काढून नवीन आणून दिलं, तेव्हा ते पहिल्यांदा आपल्या बायकोवर ओरडले आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला एक प्रश्न आहे. इतक्या पिढ्यांनी सोसलं, तरी आम्ही नदीच्या पात्रालगत घर घेतलं कसं? घेताना कुणीच काही सांगितलं नाही. विकणाऱ्याने 'रिव्हर व्ह्यू' म्हणून दर जास्त लावला.

---

अरण्येश्वरकर :

सिंहगड रोडवरच्या ताईंना जोड देतो. आमचे आजोबा पानशेतच्या पुरानंतर शनिवार पेठेतून सहकारनगर भागात आले, नदीपासून लांब म्हणून निर्धास्त. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत ओढ्याने कहर केला. टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. आमच्या तळमजल्यात छातीपर्यंत पाणी. आजोबा तेव्हा हयात नव्हते. आजी होती. अंधारात तिला खुर्चीसकट उचलून जिन्यावर नेली तर म्हणाली, "आधी गॅस बंद करा, मेन स्विच पाडा, आणि पाणी उतरलं की गाळ ओला आहे तोवरच काढा. वाळला तर निघत नाही." आम्ही सगळे गोंधळलेलो आणि ती एकटी शांत. रात्रीच पाणी उतरू लागलं तसं आम्ही झाडू-खराट्याने उरलेल्या पाण्याबरोबर गाळ बाहेर लोटत गेलो. शेजाऱ्यांनी सकाळची वाट पाहिली, त्यांना फरशी पहारीने खरवडावी लागली.

पूरग्रस्तांच्या सोसायट्यांना जमिनी भाडेपट्ट्याने मिळाल्या होत्या आणि मालकी हक्कासाठी लोकांनी कित्येक दशकं खेटे घातले, हेही इथे नोंदवायला हवं. ज्यांच्या नावावर पट्टा होता ती पिढी बहुतेक मालकी न बघताच गेली. पर्वती पायथ्याला काहींना नुसता ओटा मिळाला, म्हणजे जोतं बांधून दिलेलं, वर घर तुमचं तुम्ही उभारा. त्यांची हकिगत तर अजून कुणी लिहिलेलीच नाही.

---

पेठेतली :

अरण्येश्वरकर, ओट्यावर घर उभारलेल्यांपैकी कुणी ओळखीचं असेल तर मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. मी आणि आई दोघी जाऊन बोलू. आईला अशा घरी गेल्यावर फार सांगावं लागत नाही, समोरचं माणूस आपणहून बोलायला लागतं.

शनिवारातली सून, पत्र्याची पेटी आमच्याकडेही आहे! तीही माळ्यावरच.

---

धरणवाले काका :

सिंहगड रोडवरच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण ते अनेकांच्या उपयोगी पडेल.

नदीला दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी पाळून, असा ढोबळ नियम. २५ वर्षांतून एकदा याचा अर्थ एकदा आला की पुढची २५ वर्षं निवांत, असा नव्हे. दर वर्षी तेवढीच शक्यता असते. हे आम्ही अभियंत्यांनी लोकांना नीट समजावून सांगायला हवं होतं.

घर घेताना विकास आराखड्याच्या नकाशावर या रेषा बघून घ्या. पात्रात भराव पडला, भिंती झाल्या की पूर्वी जेवढ्या विसर्गाला पाणी काठाच्या आत राहायचं तेवढ्याच विसर्गाला ते वर चढतं, हेही लक्षात असू द्या. नकाशाशिवाय आणखी एक करा. त्या भागातल्या जुन्या माणसाला, शक्यतो मंदिराच्या पुजाऱ्याला किंवा धोब्याला विचारा की पाणी कुठवर येतं. त्यांचा रोजचा संबंध नदीशी असतो. मी माझ्या मुलाचं घर घेताना दोन्ही केलं. नकाशात जागा रेषेबाहेर होती, धोबीबुवांनी हात कमरेला लावून दाखवला. आम्ही ते घर घेतलं नाही.

---

सिंहगड रोडवरून :

काका, मनापासून आभार. येत्या रविवारी सोसायटीची सभा आहे, तिथे तुमचा हा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे. जमलं तर तुम्हीही या, आमच्याकडे लोकांचे प्रश्न पुष्कळ आहेत आणि समजावून सांगणारं कुणी नाही. कपाटातल्या मूळ कागदांचं काय करायचं हेही त्याच सभेत ठरवू. सध्या चौथ्या मजल्यावरच्या एका काकूंनी आपलं एक कपाट तळमजल्यावरच्यांसाठी रिकामं करून दिलंय.

---

धरणवाले काका :

येतो. वेळ आणि पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. नकाशा बरोबर आणतो.